दप्तर आणि आठवण

युद्धाचा इतिहास दोन ठिकाणी साठविला जातो : एक सरकारी दप्तरात, आणि दुसरा, जे रणातून जिवंत परतले त्यांच्या मनात. या दोहोंचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. मग विश्वास कोणावर ठेवावा? पॅसिफिक महासागरात बुडालेल्या ‘इंडियानापोलिस’ या अमेरिकन क्रूझरची हकीकत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

२६ जुलै १९४५ रोजी या जहाजाने टिनियन बेटावर अत्यंत गुप्त सामान पोचविले. पुढे हिरोशिमावर पडलेल्या अणुबाँबचे भाग त्यात होते; खलाशांना त्याचा गंधही नव्हता. तेथून ग्वामला जाऊन जहाज फिलिपाइन्समधील लेटे बेटाकडे निघाले. कप्तान चार्ल्स मॅक्व्हे यांनी सोबतीला विनाशिका मागितली होती. ती मिळाली नाही. ३० जुलै रोजी, मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात, जपानी पाणबुडीचे दोन पाणतीर जहाजावर आदळले आणि अवघ्या १२ मिनिटांत ते बुडाले. जहाजावरील ११९५ जणांपैकी सुमारे ३०० त्याच्याबरोबर तळाला गेले. जवळजवळ ९०० माणसे पाण्यावर राहिली.

जहाज ठरल्या दिवशी बंदरात आले नाही, तरी कोणी चौकशी केली नाही. युद्धनौका पोचल्याची वर्दी देऊ नये, असा हुकूम होता. त्यावरून न पोचल्याचीही वर्दी नको, असा अर्थ लावला गेला! चौथ्या दिवशी, २ ऑगस्टला, गस्तीवरील एका विमानचालकाला ही माणसे केवळ योगायोगाने दिसली. अखेर वाचले ते ३१६.

वाचलेल्यांनी पुढे जे सांगितले, ते कोणत्याही दप्तरात सापडले नसते. दिवसा अंग भाजणारे ऊन, रात्री हुडहुडी, भोवती फिरणारे शार्क मासे, आणि या सर्वांहून भयंकर अशी तहान. काहींनी खारे पाणी प्यायले आणि त्यांना भ्रम झाला. बुडालेले जहाज खालीच उभे असून त्यात गोडे पाणी आहे, असे वाटून कित्येकांनी बुडी मारली. ते परत वर आले नाहीत.

आरमाराने मात्र दोष कप्तानाच्या माथी मारला. जहाज नागमोडी चालविले नाही, या आरोपावरून डिसेंबर १९४५ मध्ये लष्करी न्यायालयापुढे त्यांचा खटला चालला. पाणतीर सोडणारे जपानी सेनानी हाशिमोतो यांनाच साक्षीला आणले गेले. नागमोडी चालूनही जहाज वाचले नसते, असे त्यांनी सांगितले. तरीही मॅक्व्हे दोषी ठरले. मृतांच्या आप्तांची संतप्त पत्रे त्यांना वर्षानुवर्षे येत राहिली. १९६८ साली त्यांनी आत्महत्या केली.

आपल्या कप्तानावर अन्याय झाला, हे त्यांच्या खलाशांना ठाऊक होते. १९६० पासून ते एकत्र जमू लागले आणि दाद मागत राहिले. १९९६ नंतर एका शाळकरी मुलाने अभ्यासाचा विषय म्हणून त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि साऱ्या देशाचे लक्ष या प्रकरणाकडे वेधले. २००० साली अमेरिकन काँग्रेसने मॅक्व्हे यांना निर्दोष मानणारा ठराव केला. २००१ साली आरमाराने तो त्यांच्या दप्तरात नोंदविला.

याचा अर्थ आठवण कधी चुकत नाही, असा नव्हे. लाटांनी माणसे दूरदूर पांगविली होती; प्रत्येकाने आपल्या भोवतीचेच पाहिले. परंतु दप्तरही चुकते. वाचलेल्यांची संख्या कित्येक वर्षे ३१७ अशी छापली जात होती. बारकाईने तपासल्यावर ती ३१६ ठरली.

दोहोंचे सहकार्य झाले म्हणजे काय घडते, हे जहाजाच्या शोधात दिसले. वाटेत ‘इंडियानापोलिस’ आपल्या जवळून गेले होते, अशी दुसऱ्या एका जहाजावरील खलाशाची आठवण एका इतिहासकाराच्या वाचनात आली. त्याने त्या जहाजाची कागदपत्रे काढली. ही भेट बुडण्यापूर्वी सुमारे ११ तास झाली होती. त्यावरून शोधाची जागा पश्चिमेकडे सरकली आणि १९ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे ५५०० मीटर खोल पाण्यात जहाजाचे अवशेष सापडले.

आठवणीने वाट दाखविली, दप्तराने ती पारखून घेतली. दप्तर कपाटात टिकते. आठवण माणसाबरोबर जाते. म्हणून वृद्ध सैनिक बोलू लागला, की ते वेळीच ऐकून, लिहून ठेवावे. पारखण्याचे काम मागाहून करता येते. ऐकण्याचे येत नाही.