डिफरन्शियल लॉक : कोणते घ्यावे आणि कुठे थांबावे
(ऊस विकास विभागाकडून)



गाळप हंगामात ओल्या फडातून उसाची ट्रॉली काढताना ट्रॅक्टरचे एक चाक चिखलात गरगर फिरते आणि दुसरे ढिम्म उभे राहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा वेळी ड्रायव्हर टाचेने एक पेडल दाबतो, दोन्ही चाके एकदम धरतात आणि ट्रॉली निघते. ते पेडल म्हणजे डिफरन्शियल लॉक. ट्रॅक्टरवर ते आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु अलीकडे काही सभासदांच्या मुलांनी फोर-बाय-फोर पिकअप घेतल्या आहेत, आणि गट बैठकीत उसाच्या बेण्याबरोबर हाही प्रश्न निघू लागला आहे : "साहेब, गाडीला लॉक कोणते घेऊ?"

आम्ही शेतकी पदविका घेतलेले, मोटारीच्या कारखान्यात शिकलेले नव्हे. तरी गेल्या जून महिन्यात जे डोळ्यांनी पाहिले आणि नंतर जाणकार मेस्त्रींकडून समजून घेतले, ते येथे देत आहोत.

आपल्या एका सभासदाचा मुलगा बिगर हंगामात पिकअप घेऊन गडचिरोलीकडे धान्य वाहतुकीला जातो. पावसाळ्यात तुटणाऱ्या दुर्गम गावांत काही महिन्यांचे धान्य आधीच पोचवून ठेवावे लागते. तिकडची धानशेती पाहावी म्हणून आम्हीही त्याच्याबरोबर गेलो. चंद्रपूर जिल्ह्यात पश्चिमेला वरोरा, राजुरा, कोरपना या बाजूस कपाशीची काळी जमीन. पूर्वेला मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे धानाच्या बांध्या सुरू होतात. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. हा जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना दोन्ही अंगांना सागवान आणि मिश्र झाडी, मधूनमधून नाले. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्याच्या बातम्यांत आपण वाचतोच.

एटापल्लीच्या बाजूला मुख्य रस्ता सोडून गाडीवाटेने निघालो आणि पहिल्याच पावसाने भिजलेल्या एका बांधीच्या कडेला गाडी बसली. मुलगा म्हणाला, "काळजी करू नका, फोर-बाय-फोर आहे." लिव्हर टाकला, गाडी गुरगुरली, चिखल उडाला, पण गाडी तसूभर हलली नाही. पलीकडे एक म्हातारा शेतकरी बघत उभा होता. तो म्हणाला, "चार चाकाची म्हणता, पण फिरून तं दोनच राहिले जी!"

आम्ही खाली उतरून पाहिले, तर खरेच. पुढचे डावे आणि मागचे उजवे एवढीच दोन चाके फिरत होती. उरलेली दोन कोरड्या, टणक जागेवर असून स्वस्थ.

याचे कारण बैलांच्या जोडीवरून चटकन कळेल. जू मध्यभागी दांडीला बांधलेले असते. एक बैल मागे राहिला तर जू तिरके होते, आणि दुसरा कितीही जोराचा असला तरी त्याचा जोर वाया जातो. साधे डिफरन्शियल असेच असते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणे हे त्याचे काम. पण ते दोन्ही चाकांना ओढ मात्र सारखीच देते. एक चाक चिखलात सुटले की त्याला जेवढी नाममात्र ओढ लागते, तेवढीच दुसऱ्याला मिळते. फोर-बाय-फोर लावल्याने पुढचा आणि मागचा आस जोडला जातो, परंतु प्रत्येक आसाची दोन चाके एकमेकांना बांधली जात नाहीत. लॉक हे काम करते. जणू जू तिरके होऊच नये असे आवळून बांधले.

बाजारात मुख्यत्वे चार प्रकार आहेत.

1. लिमिटेड स्लिप : आत क्लच प्लेटी किंवा खास गिअर असतात. ओढ काही प्रमाणात चांगल्या चाकाकडे जाते. निसरड्या डांबरी रस्त्याला बरे, पण एक चाक हवेत लटकले तर फारसा उपयोग नाही. क्लच प्लेटींच्या प्रकाराला खास तेल लागते.

2. आपोआप लागणारे यांत्रिक लॉक : दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की ते स्वतःच लागते, आणि ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेग गेला की लागत नाही. 2015 साली सुधारून आलेल्या महिंद्र थारला मागे असे लॉक होते. ड्रायव्हरला काही करावे लागत नाही. मात्र चाक थोडे फिरल्यावरच ते लागते, आणि लागताना धक्का बसतो.

3. हाताने किंवा बटणाने लागणारे लॉक : हेच ट्रॅक्टरच्या पेडलचे भावंड. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत पुढच्या आणि मागच्या आसाला वेगवेगळे लॉक दिलेले आहे. 2022 साली भारतात आलेल्या टोयोटा हायलक्स पिकअपला मागच्या आसाला बटणाचे लॉक आहे. हवेच्या दाबावर चालणारी लॉक बाहेरून बसवूनही मिळतात.

4. ब्रेकच्या साहाय्याने चालणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था : फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ओढ दुसऱ्याकडे वळवली जाते. हे खरे लॉक नव्हे. थोड्या वेळासाठी ठीक, पण लांबच्या चिखलात ब्रेक तापतात.

आमचे मत असे की, मालवाहू पिकअपला मागच्या आसाचे, हाताने लावायचे लॉक पहिले घ्यावे. भरलेल्या गाडीचा भार मागे असतो, तेव्हा ओढही मागेच मिळते. रिकाम्या पिकअपची शेपटी हलकी, ती तर चटकन घसरते. पुढचे लॉक नंतर पाहावे, कारण ते लावले की स्टिअरिंग जड होते आणि गाडी वळत नाही. गाडी एकाच घरात तीन-चार जण चालवणार असतील, तर आपोआप लागणारे सोयीचे. आणि टायर गुळगुळीत झालेले असताना लॉकवर पैसा घालणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आधी टायर.

आता पुढची हकिगत. त्याच शेतकऱ्याचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला, पेडल दाबून बांधीतून सरळ चालत आला आणि आम्हाला ओढून काढले. दुपारी गावात माल उतरवला. परतताना आभाळ फुटले. वाटेतल्या रपट्यावरून गढूळ पाणी वाहत होते, गुडघाभर असेल नसेल. आमचा मुलगा घाईत होता, दुसऱ्या दिवशी दुसरी खेप होती. तो ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, "तुझ्याकडे लॉक आहे, तू पुढे हो, मी दोर बांधून मागे येतो."

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केले. म्हणाला, "लॉक चाकाले धरते दादा, पाण्याले नाही धरत."

आम्ही त्या रात्री गावात राहिलो. भात आणि आंबाडीची भाजी खाल्ली. रात्री नाल्याचा आवाज ऐकत पडलो होतो. गाडीत आमच्याबरोबर सतरा-अठरा वर्षांचा एक हमाल पोरगा होता, त्याला पोहता येत नव्हते, हे आम्हाला त्या रात्री कळले. सकाळी पाणी उतरले तेव्हा रपट्याची एक कड खचून वाहून गेलेली दिसली. आमचा मुलगा बराच वेळ तिथे उभा राहिला, काही बोलला नाही.

म्हणून सभासदांना आमच्या सूचना अशा :

- लॉक चिखलात शिरण्यापूर्वी, गाडी थांबवून किंवा अगदी हळू असताना लावावे. चाक जोरात फिरत असताना लावल्यास आतले दाते तुटतात.
- कठीण जागा संपताच सोडावे. लॉक लावून डांबरी रस्त्यावर वळल्यास टायर घासतात, एक्सल तुटू शकतो.
- आडव्या उतारावर जपून. दोन्ही चाके एकदम घसरली तर गाडीची शेपटी खालच्या अंगाला जाते.
- बाहेरून लॉक बसवण्यापूर्वी कंपनीची हमी आणि विमा यांना बाधा येते काय, हे लेखी विचारून घ्यावे.
- फावडे, दोर आणि सोबतीला एक माणूस ही तीन लॉकपेक्षा जुनी साधने आहेत, ती गाडीत असू द्यावीत.
- रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. ही सूचना सर्व प्रकारच्या लॉकना सारखीच लागू आहे.

त्या मुलाने दिवाळीत मागच्या आसाला लॉक असलेली गाडी घेतली. दाखवायला कारखान्यावर आला तेव्हा आम्ही बटण पाहिले, टायर पाहिले. मग मागे डोकावलो, तर फावडे होते आणि दोरही होता. आम्ही काही विचारले नाही. तोच म्हणाला, "साहेब, पाणी असलं की थांबतो."