राजगडची टाकी: दगड गेला, पाणी राहिले

गुंजवण्याच्या वाटेने राजगड चढला की चोरदरवाजातून आपण पद्मावती तळ्याशी पोहोचतो. तिथून बहुतेकांचे पाय बालेकिल्ल्याकडे वळतात. पण राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातला हा गड पाण्यासाठीही पाहावा. माच्यांवर खडकात खोदलेली टाकी म्हणजे शिवकाळातल्या दगडखाणीच.

तटाला लागणारा दगड खालून वाहून आणण्यापेक्षा माथ्यावरचाच काळा पाषाण फोडायचा आणि झालेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठवायचे, ही सह्याद्रीतल्या गडबांधणीची रीत. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्रही बजावते: आधी पाणी पाहावे, नसेल आणि गड बांधणे भागच असेल, तर खडक फोडून तळी-टाकी करावीत.

संजीवनी माचीकडे जाताना एखाद्या टाक्यात डोकवा. कातळावर छिन्नीचे घाव अजून दिसतात. पावसाळा सरता सरता त्या खाचांत शेवाळ आणि नेचे धरलेले असतात, पाण्यावर चतुर आणि टाचण्या फिरतात, काठाला बेडूक असतात. भोवतीचा उतार सोनकीने पिवळा होतो. माणसाने फोडलेल्या खडकात निसर्ग पुन्हा नांदू शकतो, याचा हा पुरावा आहे.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत खडक तोच आहे. रस्त्यांना आणि घरांना खडी लागते. ती सुरुंग लावून, क्रशरवर दगड फोडूनच मिळते. खाण संपल्यावर त्या जागेचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. बहुतेकदा ती राडारोड्याने भरते किंवा उघडी, धोकादायक पडून राहते. खरे तर अशी खाण पक्ष्यांचे घर होऊ शकते. कड्याच्या कपारीत शृंगी घुबड घरटे न बांधता थेट जमिनीवर अंडी घालते. उंदीर-घुशी खाणारा हा पक्षी शेतकऱ्याचा मित्र आहे. मुरमाच्या उभ्या भिंतीत वेडे राघू बिळे कोरतात, तर कातळाच्या छज्ज्याखाली पाकोळ्या चिखलाची वाटी चिकटवतात. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत साठणारे पाणी आज पक्ष्यांचा आधार झाले आहे.

कायदाही खाणीची जागा पुन्हा जिवंत करण्याच्या बाजूने आहे. पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२० मध्ये त्याच न्यायालयाने खाणकामानंतर जमिनीवर पुन्हा गवत उगवून चारा, झाडोरा आणि प्राणी यांना ती योग्य करावी, अशी अट खाणपट्ट्यात घालायला केंद्राला सांगितले. इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरच्या ऊझ फेन इथे वाळू-खडीच्या खाणीतून टप्प्याटप्प्याने मोठी पाणथळ उभी राहते आहे. खाण चालू असतानाच तिथे पुढची आखणी झाली, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे करायच्या गोष्टी साध्या आहेत. वरची माती सुरुवातीलाच बाजूला रचून ठेवावी आणि शेवटी तीच पसरावी. तिच्यात इथल्या गवताचे बी असते. एका बाजूला पाण्यापर्यंत सौम्य उतार काढावा, म्हणजे प्यायला उतरलेले जनावर अडकत नाही. उरलेल्या धोक्याच्या कडेला कुंपण हवे. एखादा पक्का कडा आणि त्याच्या कपारी तशाच राखाव्यात. सुबाभूळ, गिरिपुष्प लावून हिरवळ दाखवू नये, घाणेरी माजू देऊ नये. पाण्यात तिलापिया सोडू नये. तो बेडकांच्या पिल्लांवर ताव मारतो.

भोर-वेल्ह्यातल्या ग्रामपंचायतींना म्हणून कळकळीची विनंती: खाणीचा विषय ग्रामसभेत येईल तेव्हा रोजगार आणि स्वामित्वधनाबरोबरच खाण बंद करण्याचा आराखडाही मागा. गवत कुठे येणार, पाणी कुठे साठणार आणि हे काम कोणत्या वर्षी होणार, ते त्यात लिहून घ्या आणि खाणमालकाकडून पूर्णही करून घ्या.