‘पित्ताचे खडे’ काढायला गेलेली माणसं

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची अधिकृत गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, अंगावर ढगळ झालेले जुने कपडे आणि शुगरच्या गोळ्या सुटल्याचा आनंद. त्या दोन फोटोंच्या मधल्या काळात काय घडतं, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. गुलबर्ग्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मी वावरते ती याच मधल्या काळात. इथे येणारी माणसं बहुतेक चाळिशीतली असतात. पोरांच्या शाळा, घरातले म्हातारे, दुकान किंवा नोकरी, आणि या सगळ्यात मुकाट वाढत गेलेली शुगर. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलून काही किस्से सांगते.

पहिली गोष्ट ही की, गुलबर्ग्यात कुणी वजनाची शस्त्रक्रिया करून घेतच नाही. लोक हुसेनसागर एक्सप्रेसने पुण्याला जातात, नाहीतर गाडी करून हैदराबादला, आणि परत येतात ते ‘पित्ताचे खडे काढून’. दोन मुलांची आई असलेल्या एका शिक्षिकेने सासूलाही हेच सांगितलं होतं. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर सहसा सहा महिने त्यावरची गोळी देतात. सासूबाईंनी एकदा ती पट्टी हातात घेऊन विचारलं, “खडे काढले ना गं? मग खड्यांची गोळी कशाला?” उत्तर सुचेना, म्हणून बाईंनी गोळीच बंद केली. पाचव्या महिन्यात उजव्या बरगडीखाली कळ आली आणि सोनोग्राफीत खरेखुरे खडे दिसले. या वेळी त्यांनी घरात खरं सांगितलं, पण कुणी विश्वास ठेवीना. “ते तर मागेच काढले होते की!”

दवाखान्यात सल्ला घ्यायला आलेल्या कुटुंबात दोन पक्ष हमखास असतात. एक म्हणतो, नितीन गडकरींनी केलं ना? ते २०११ मध्ये, भाजपचे अध्यक्ष असताना, मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेऊन कामाला लागले आणि नंतर त्याबद्दल मोकळेपणाने बोललेही. दुसरा पक्ष लगेच अरुण जेटलींचं नाव काढतो. अर्थमंत्री असताना, सप्टेंबर २०१४ मध्ये, मधुमेहासाठीच त्यांनी ती करून घेतली आणि पुढे गुंतागुंत झाल्याने त्यांना एम्समध्ये हलवावं लागलं. बायको गडकरींच्या बाजूने, मेव्हणा जेटलींच्या बाजूने, अशी खडाजंगी मी ऐकली आहे. दोघंही खरंच सांगत होते. पण ज्याच्यासाठी हे भांडण चाललं होतं त्याला शुगर होऊन किती वर्षं झाली, इन्शुलिन कधी सुरू झालं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. आणि निकाल बराचसा त्याच आकड्यांवर ठरतो. आजार जितका ताजा, तितकी तो मागे हटण्याची शक्यता जास्त.

आज जगात सर्वांत जास्त होणारी शस्त्रक्रिया म्हणजे ‘स्लीव्ह’. यात जठराचा साधारण तीनचतुर्थांश भाग काढून त्याची अरुंद नळी ठेवतात. तिच्या जन्माची गोष्ट मात्र माहितीपत्रकात सापडत नाही. ती मुळात अर्धवट सोडलेली शस्त्रक्रिया आहे. २००० सालच्या आसपास सर्जन मिशेल गाग्नेर आणि त्यांचे सहकारी अतिस्थूल रुग्णांवर एक मोठी, जोखमीची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करू लागले. एका दमात धोका नको, म्हणून तिचे दोन भाग केले. आधी जठर लहान करायचं, वजन थोडं उतरलं की आतड्याचं काम. रुग्णांना पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं गेलं, पण त्यातल्या काहींना त्याची गरजच उरली नव्हती. पहिल्या टप्प्यातच काम झालं होतं! भूक जागवणाऱ्या ज्या घ्रेलिन या संप्रेरकाचा शोध जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये लावला, ते मुख्यतः जठराच्या कापून टाकलेल्या भागातच तयार होत होतं.

फिजिशियन आणि सर्जन यांच्यातली चुरस याहून जुनी. मधुमेह हा गोळ्या-इन्शुलिनवाल्यांचा प्रांत, तिथे चाकूचं काय काम? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातले सर्जन वॉल्टर पोरीस यांनी जठराचा बायपास केलेल्या मधुमेही रुग्णांची साखर बघितली, तेव्हा ती काही दिवसांतच उतरत होती. वजन तेव्हा जेमतेम हललेलं असे. १९९५ मध्ये त्यांनी ६०८ रुग्णांचा चौदा वर्षांचा हिशेब मांडला. त्यातल्या मधुमेहींपैकी शंभरात सुमारे ८३ जणांची साखर ताब्यात राहिली होती. निबंधाच्या शीर्षकाची सुरुवातच त्यांनी ‘कुणाला वाटलं असतं?’ अशा अर्थाच्या प्रश्नाने केली. दोन्ही बाजू एका मेजावर येऊन सही करायला मग एकवीस वर्षं गेली. २०१६ मध्ये ४५ वैद्यकीय संस्थांनी मान्यता दिलेल्या संयुक्त निवेदनात ही शस्त्रक्रिया मधुमेहाच्या उपचारांत दाखल झाली. ज्या कामाची सुरुवात वजनासाठी झाली, त्याची मोठी कमाई साखरेत निघाली.

पण मग जाड माणसालाच शुगर होते का? याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःचं शरीर पुढे करून दिलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तराचा, म्हणजे बीएमआयचा, दोघांचा आकडा एकच : २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. आतली चरबी मोजली तेव्हा युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडे चरबी कपड्यांतच काय, कातडीखालीही नीट दिसत नाही. ती पोटात आत दडून बसते. म्हणून आशियाई माणसासाठी आकडे खाली आणावे लागले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात, मधुमेह असेल तर बीएमआय ३० पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा आणि आशियाई लोकांत २७.५ पासूनच पर्याय म्हणून मांडावा.

विम्याचं गणित वेगळं. विमा नियामकाच्या अटींत ४० चा बीएमआय लागतो, किंवा औषधांना दाद न देणारा मधुमेह असेल तर ३५. एका बाईंची उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, आकडा ३४.१. दोन-सव्वादोन किलो कमी पडले! घरातल्या एका वडीलधाऱ्याने मनापासून उपाय सुचवला : पंधरा दिवस तूप घालून पुरणपोळ्या खा. साखर तीनशेच्या घरात असलेल्या बाईला हा सल्ला! आम्ही त्यांना तो वेडेपणा करू दिला नाही. पण कागद उघडले तेव्हा कळलं, वजन वाढलं असतं तरी उपयोग नव्हता. पॉलिसी घेताना ‘मधुमेह आहे का’ या प्रश्नापुढे नवऱ्याने ‘नाही’ लिहिलं होतं. दोन किलोंपेक्षा ती दोन अक्षरं जड पडली.

वेळ अमावस्येला आमच्याकडे घरं ओस पडतात आणि शेतं भरतात. भज्जी, भाकरी, आंबील, शेंगांच्या पोळ्या. पाहुण्याला पोटभर वाढल्याशिवाय सोडायचं नाही हा धर्मच. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार देतात. तो शिक्षा म्हणून नसतो. त्याने लिव्हर आकसतं आणि दुर्बिणीतून काम करताना जठरापर्यंत पोचायला जागा मिळते. नेमक्या त्या दिवसांत एक गृहस्थ बहिणीच्या शेतावर गेले. भाऊ नुसतं ताक पितोय हे बघून बहिणीचे डोळे भरून आले. तिला वाटलं दादा आपल्यावर रागावलाय. तिची समजूत काढायला त्यांनी ताट घेतलं, मग दुसरं वाढून घेतलं. ताट संपलं, पण पथ्यही मोडलं. पुढचे चार दिवस ते काही सावरलं नाही. तपासणीत वजन वाढलेलं, साखर चढलेली, तारीख पुढे ढकलली. बहिणीला एका वाक्यात कारण सांगितलं असतं, तर तिनेच ताकाचा तांब्या त्यांच्यापुढे भरून ठेवला असता.

सर्वांत जीवघेणा किस्सा आळंद तालुक्यातल्या एका शाळामास्तरांचा. नेहमीच्या डॉक्टरांना काय वाटेल या संकोचाने त्यांनी सांगितलं, “गाणगापूरला अनुष्ठानाला बसतोय.” जठराचा बायपास करून घरी आले. शुगरची जुनी गोळी बंद करण्याची सूचना घरी पाठवतानाच्या कागदावर होती, आणि कागद कपाटात कुलपात. डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी नेहमीची गोळी नेहमीसारखी लिहून घेतली. या शस्त्रक्रियेनंतर औषधाची गरज काही दिवसांतच घटते. जुना डोस तसाच चालू ठेवणं म्हणजे साखर तळाला नेणं. रात्री तीनला मास्तर घामाने भिजले, हात थरथरू लागले. बायकोने यंत्र लावलं, ४८. तिने साखरेचं पाणी पाजलं म्हणून ते वाचले. डॉक्टर धावत आले, सदरा वर केला आणि पोटावरच्या पट्ट्या बघून म्हणाले, “गुरुजी, गाणगापुरात टाके कधीपासून घालायला लागले?”

काहींना लपवायची सोयही नसते. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका नामवंत लेखिकेने एका अतिस्थूल पोलिसाचा फोटो टाकून मुंबईच्या बंदोबस्तावर विनोद केला. देश हसला. मुंबई पोलिसांनी कळवलं, हा माणूस आमचा नव्हे. तो मध्य प्रदेशातला निरीक्षक होता आणि शरीरातलं इन्शुलिनचं संतुलन बिघडल्याने वजन वाढलं, असं त्याने सांगितलं. पुढच्याच महिन्यात त्याच्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्या एका फोटोवर आलेलं हसू आठवलं की मला ‘पित्ताचे खडे’ म्हणणाऱ्या कुणाचाही राग येत नाही. त्यांना कशाची भीती वाटते ते मी रोज बघते. आळशी, खादाड, शॉर्टकट मारणारा, हे शब्द आजारापेक्षा आधी पोचतात.

म्हणूनच यशाच्या फोटोमागचा हिशेबही उघड मांडायला हवा. अमेरिकेत १५० मधुमेहींवर झालेल्या, ‘स्टॅम्पीड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत पाच वर्षांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं कडक लक्ष्य गाठलं ते नुसत्या औषधांवर ५ टक्के, बायपासनंतर २९ टक्के आणि स्लीव्हनंतर २३ टक्के लोकांनी. म्हणजे फरक मोठा, पण हमी नाही. काहींची साखर परतते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची देखरेख जन्मभराची. आता २०२५ पासून मौंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शनंही भारतात आली आहेत. ती सुई आतड्यातल्या संप्रेरकांची नक्कल करते, आणि तीच संप्रेरकं बायपासनंतर शरीर स्वतःच जास्त बनवू लागतं. इंजेक्शनं थांबवली की वजन बहुधा परत चढतं. कुणासाठी काय, हे शुगरची वर्षं, किडनी, खिसा आणि घर बघून ठरवायचं असतं.

घर काय करू शकतं, ते तुरीच्या बाजारातल्या एका अडत्यांनी दाखवलं. गुलबर्ग्याच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती डाळ वाटीत पडायला या माणसाला रात्रीचे दहा वाजायचे. दिवसभर चहा, रात्री एकदाच भरपेट. शस्त्रक्रियेनंतर थोडं थोडं, सहा वेळा, आधी प्रथिनं, आणि जेवताना पाणी नाही. भर हंगामात हे जमणार कसं? त्यांनी गादीवर बसूनच सगळ्यांना खरं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून अकरा वाजले की काटकुळा मुनीम हाक मारायचा, “सावकार, घट्ट वरणाची वाटी.” मुलीने घरी पाण्याची वेळ सांभाळली. सहा महिन्यांत त्यांचं इन्शुलिन सुटलं. एके दिवशी ते मुनीमजींना घेऊन आले : “रोज माझी वेळ सांभाळतो, याची पण एकदा तपासा.” त्या काटकुळ्या माणसाची उपाशीपोटीची साखर १९० निघाली.

मुनीमजींची शुगर वेळेत कळली, कारण त्यांच्या सावकारांनी आपली लपवली नव्हती. शस्त्रक्रिया करा किंवा करू नका, तो निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. पण केलीत तर शेजाऱ्यांना हवं ते सांगा. नेहमीच्या डॉक्टरांना, घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आणि समज आलेल्या मुलांना मात्र खरं सांगा. टाके घालून सर्जन आपलं काम संपवतात. पुढची वर्षं सांभाळायची असतात ती याच माणसांनी, आणि त्यांना अंधारात ठेवून ती सांभाळता येत नाहीत.