कुलूप नसलेले कपाट

ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या दारांचे कपाट येते. पुस्तके दिसतात, पण दाराला कुलूप असते आणि किल्ली ग्रंथपालाच्या खिशात. शोधनिबंधांचे कपाटही बराच काळ असेच होते. फरक इतकाच, की त्याची वर्गणी आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाला झेपणारी नव्हती.

उभी हयात बँकेत गेल्यामुळे कोणत्याही व्यवहारात मी आधी जमा-खर्च पाहतो. शोधनिबंधांचा व्यवहार मोठा विलक्षण आहे. संशोधन होते ते बहुधा सरकारी, म्हणजे करदात्याच्या पैशावर. निबंध लिहिणाऱ्याला मानधन नाही. तो तपासणारे दुसरे शास्त्रज्ञही सहसा फुकटच तपासतात. मग प्रकाशक तो प्रसिद्ध करतो आणि त्याच शास्त्रज्ञाच्या संस्थेला वर्गणी लावून विकतो. प्रकाशकालाही संपादनाचा खर्च असतो, हे मान्य. तरी ठेव आपली, आणि आपलेच पासबुक पाहायला भरमसाट शुल्क! एखाद्या बँकेने असे केले असते, तर ठेवीदारांनी शाखा डोक्यावर घेतली असती.

पदार्थविज्ञानवाल्यांनी यातून वाट काढली. निबंध छापून येण्याआधीच त्याच्या प्रती ते एकमेकांना टपालाने पाठवत. पण पाकीट जायचे ते ओळखीच्या, नावाजलेल्या संस्थांना. लहान गावातल्या प्राध्यापकाचे नाव त्या यादीत कुठले असणार? १४ ऑगस्ट १९९१ रोजी अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत पॉल गिन्सपर्ग यांनी संगणकावर एक सोय सुरू केली. निबंध तिथे ठेवायचा आणि ज्याला हवा त्याने ईमेलने मागवून घ्यायचा. पुढे तिला ‘आर्काइव्ह’ हे नाव मिळाले आणि २००१ मध्ये तिचा मुक्काम कॉर्नेल विद्यापीठात हलला. आज तिथे वीस लाखांहून अधिक निबंध आहेत आणि एकालाही कुलूप नाही. अर्थात तिथे होते ती जुजबी चाळणी, तज्ज्ञांची तपासणी नव्हे. चेक जमा झाला म्हणजे तो वटला असे नसते, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

या कपाटाने काय साधले, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून अशोक सेन यांनी एक निबंध तिथे ठेवला. बल प्रबळ असतानाची आणि दुर्बळ असतानाची वेगवेगळी भासणारी चित्रे एकाच गोष्टीच्या दोन बाजू असू शकतात, याचा भक्कम पुरावा त्यात होता. स्ट्रिंग थिअरीच्या अभ्यासाला त्याने नवे वळण दिले. मुंबईहून निघालेले पाकीट कधी पोचेल, याची वाट कोणाला पाहावी लागली नाही.

हे मी रिठदला बसून का सांगतो आहे? कारण ही गोष्ट आता आमच्या बांधाला येऊन भिडली आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. तिचे दोन हात प्रत्येकी चार किलोमीटर लांबीचे असतील. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. गोंगाटातून असा क्षीण संकेत कसा निवडावा, यावर पुण्याच्या आयुकातील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच पायाभूत काम केले होते. पहिल्या लहरीचा निबंध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. तो कोणालाही वाचता येतो, आणि मोजणीचे आकडेही खुले आहेत.

माझी पुतणी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी तिला एक निबंध हवा होता. प्रकाशकाच्या पानावर तीस-चाळीस डॉलर मागितलेले. ती म्हणाली, “मोठेबाबा, एवढ्यात तं महिन्याचा डबा येते.” मग तिच्या सरांनी आर्काइव्हची वाट दाखवली आणि त्याच लेखकांची तीच मांडणी पाच मिनिटांत हाती आली. वाट ठाऊक असलेले सर भेटले, हे तिचे नशीब.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. स्वागतच आहे. पण हा एकरकमी भरणा झाला, कुलूप निघाले नाही. खासगी महाविद्यालयातला विद्यार्थी आणि कोणत्याच संस्थेत नसलेला जिज्ञासू वाचक बाहेरच राहिला.

खुले म्हणजे बिनखर्चाचे, असेही नाही. आर्काइव्हचा खर्च कॉर्नेल, सदस्य संस्था आणि देणगीदार उचलतात. आणि कुलूप काढले तरी उंबरठा उरतोच: इंग्रजीचा, गणिताचा, संकोचाचा. तो ओलांडायला हात देणारा शिक्षक लागतो. तालुक्याच्या ग्रंथालयात एक संगणक, आठवड्याला एक तास, आणि एखाद्या निबंधाचा सारांश मराठीत सांगणारा माणूस, एवढ्यानेही सुरुवात होईल.

औंढ्याचे यंत्र चालू होईल, तेव्हा जगभरचे अभ्यासक त्याचे निबंध वाचतील. त्यांत रिठद-रिसोडचे एखादे पोर असेल की नाही, हे आज नववी-दहावीच्या वर्गात ठरते आहे.