एकच पोर्ट आणि अनेक साधने : टॅबलेटला वाद्ये व हेडफोन जोडण्याचा प्रश्न

प्रस्तावना :

महाविद्यालयीन संगीत विभागांत रियाज, स्वरलेखन व ध्वनिमुद्रण यांसाठी टॅबलेटचा उपयोग होऊ लागला आहे. संगणकाच्या तुलनेत हे साधन सुटसुटीत असले, तरी त्याची एक मर्यादा प्रथम वापरातच जाणवते. २०१८ च्या आयपॅड प्रोमध्ये ॲपल कंपनीने हेडफोनचा ३.५ मिलिमीटरचा जॅक काढून टाकला व केवळ एक यूएसबी-सी पोर्ट ठेवला. पुढे २०२० चा आयपॅड एअर, २०२१ चा आयपॅड मिनी आणि २०२२ चा दहाव्या पिढीचा आयपॅड यांतही हाच बदल झाला. कीबोर्ड, मायक्रोफोन, हेडफोन आणि चार्जर या सर्वांना एकाच दारातून आत यावयाचे आहे. हे कसे साधावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विभागाची साधनखरेदी मर्यादित निधीतून होत असल्याने हा विचार खरेदीपूर्वीच होणे इष्ट होय.

मिडी आणि ध्वनी यांतील भेद :

कीबोर्डकडून टॅबलेटकडे जाते ती मिडी स्वरूपातील माहिती. १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या या पद्धतीत ध्वनी मुळीच नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढ्याच सूचना तीत असतात. भातखंडे स्वरलिपीच्या पानातून जसा आवाज येत नाही, तसाच तो मिडीच्या तारेतूनही येत नाही. तो निर्माण होतो टॅबलेटमधील ॲपमध्ये. माहिती अत्यल्प असल्याने यूएसबी हबद्वारे दोन-तीन मिडी वाद्ये एकाच वेळी विनासायास जोडता येतात.

ध्वनीची गोष्ट निराळी आहे. टॅबलेट सामान्यतः ध्वनीसाठी एका वेळी एकच बाह्य साधन स्वीकारतो, आणि बहुधा जे शेवटी जोडले त्यालाच मान देतो. त्यामुळे हबच्या एका बाजूस ऑडिओ इंटरफेस व दुसऱ्या बाजूस हेडफोनचा अडॅप्टर जोडल्यास हेडफोन मुके होण्याचा संभव असतो. काही डिजिटल पियानो यूएसबीवरून मिडीबरोबर ध्वनीचीही देवाणघेवाण करतात. ते जोडताच टॅबलेटचा आवाज पियानोकडे वळतो. अशा वेळी हेडफोन बिघडले असे समजून नवे मागविण्यात अर्थ नाही.

हेडफोनचे योग्य स्थान :

येथे एक साधे तत्त्व ध्यानी घ्यावे : ऑडिओ इंटरफेस असेल तर हेडफोन टॅबलेटला नव्हे, इंटरफेसलाच जोडावेत. अंकीय माहितीचे श्राव्य विद्युत्-लहरींत रूपांतर करणारा डॅक आणि हेडफोनचा स्वतंत्र जॅक इंटरफेसमध्ये बहुधा असतोच. म्हणजे मायक्रोफोन व हेडफोन इंटरफेसला, इंटरफेस, कीबोर्ड व चार्जर हबला आणि हब टॅबलेटला, अशी रचना झाली की एक पोर्ट पुरतो. इंटरफेसला पाच पिनांचा मिडी प्रवेश असल्यास जुना कीबोर्डही तेथेच जोडता येतो. मात्र इंटरफेस ‘क्लास कम्प्लायंट’, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरवाचून चालणारा असावा.

केवळ कीबोर्ड व हेडफोन एवढीच गरज असेल, तर हेडफोन जॅक असलेला हब पुरेसा आहे. सुटा अडॅप्टर घेताना मात्र सावधगिरी हवी. काही स्वस्त अडॅप्टरांत डॅक नसतो. यूएसबी-सी पोर्टमधून थेट ॲनालॉग ध्वनी देणाऱ्या काही फोनांसाठी ते केलेले असतात. उपरोक्त आयपॅडमध्ये त्यांतून काहीच ऐकू येत नाही. बाहेरून दोन्ही प्रकार अगदी सारखेच दिसतात.

विलंब व लय :

मग ब्लूटूथ हेडफोन का वापरू नयेत? गाणे ऐकण्यासाठी अवश्य वापरावेत, वाजविण्यासाठी नव्हे. त्यांत ध्वनी संकुचित करून पाठविला जातो व पुन्हा उलगडला जातो, आणि यात सामान्यतः १०० ते २०० मिलिसेकंद जातात. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या, तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची होते. १५० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे अर्ध्या मात्रेहून अधिक! पट्टी दाबल्यावर स्वर इतका मागाहून ऐकू येत असेल, तर विद्यार्थी नकळत पुढे धावू लागतो. ही सवय लयीस घातक आहे.

याउलट, ॲपचा बफर २५६ नमुन्यांचा व नमुनादर सेकंदाला ४८,००० असल्यास त्या बफरचा विलंब सुमारे ५.३ मिलिसेकंद होतो. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे १.८ मीटर जातो. एकूण विलंबात अन्य टप्प्यांची भर पडते. तथापि तारेच्या जोडणीत तो सहसा निभावून जातो. तार कमी करावयाचीच असेल तर कीबोर्डची करावी, कारण मिडीची अल्प माहिती ब्लूटूथवरून बऱ्याच कमी वेळात पोहोचते.

वीजपुरवठा :

कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्टचा फँटम वीजपुरवठा लागतो. तो इंटरफेस देतो, आणि त्यासाठीची वीज टॅबलेटकडूनच घेतो. कीबोर्डही त्याच पोर्टवर असेल तर टॅबलेट साधन नाकारू शकतो, अथवा ध्वनिमुद्रण मध्येच तुटते. म्हणून चार्जर जोडता येईल असाच हब घ्यावा. विभागात लाइटनिंग पोर्टचे जुने आयपॅड असल्यास यूएसबी ३ चा कॅमेरा अडॅप्टर घ्यावा, कारण त्यात चार्जरसाठी वेगळी जागा असते.