अजीर्ण झालेले इंजिन

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 5280 फुटांवर, म्हणजे 1609 मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईचे शिखर 1646 मीटर. आपण लोखंडी शिड्या चढून धापा टाकत जिथे पोचतो, जवळपास त्या उंचीवर तिथे अख्खे शहर नांदते, आणि खरे डोंगर त्यानंतर सुरू होतात. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला इंटरस्टेट 70 हा महामार्ग शंभरेक किलोमीटरच्या आत आयझेनहॉवर बोगद्यापाशी 11,158 फुटांवर पोचतो. 1973 साली हा बोगदा खुला होण्याआधी वाहने डोक्यावरच्या लव्हलँड खिंडीतून, 11,990 फुटांवरून पलीकडे जात. अमेरिकन माणूस ज्याला ट्रक म्हणतो तो बहुतेक वेळा आपल्या भाषेतला पिकअप असतो. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा बहुतेक पेट्रोल ट्रकांना कार्ब्युरेटरच असे, आणि ते जिव्हाळ्याने जपून रोजच्या कामाला वापरणारे लोक तिथे आजही आहेत. असा एखादा ट्रक सखल मुलखातून आला की या चढावर त्याची रया जाते. तो ओढत नाही, मिसिंग मारतो, सायलेन्सरमधून काळा धूर सोडतो आणि थांबवला की उभ्या जागी बंद पडतो. पाहणाऱ्याला वाटते, याला पेट्रोल पुरत नाही. मग चालक पाय आणखी दाबतो, कुणी चोक ओढायला सांगतो, कुणी मोठा पेट्रोल पंप बसवायला सांगतो. हे सगळे उपाय उलट्या दिशेचे आहेत, कारण या इंजिनाला अजीर्ण झालेले असते. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते आणि जळायचे राहून जाते.

हे समजायला कार्ब्युरेटर काय मोजतो ते पाहावे लागते. इंजिन हवा ओढते. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि तिथला दाब उतरतो. बाजूच्या वाटीत फ्लोटने ठरावीक पातळीला राखलेले पेट्रोल या दाबाच्या फरकामुळे जेटच्या भोकातून वर ओढले जाते आणि हवेत मिसळते. सगळी युक्ती एवढीच, आणि सपाटीवर ती सुरेख चालते. पण गळ्यातला ओढा हवेच्या वेगावर आणि घनतेवर मिळून ठरतो. हवेचे वजन कार्ब्युरेटरला कळत नाही. जळायला तर वजनच लागते. साधारण 14.7 ग्रॅम हवेला 1 ग्रॅम पेट्रोल हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. बोगद्याच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे 71 टक्के राहते. हवा विरळ झाली की पेट्रोलही कमी ओढले जाते, पण हवेइतके कमी होत नाही, कारण पेट्रोल घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने घटते. हवा 29 टक्क्यांनी घटते तेव्हा पेट्रोल फक्त 16 टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे 14.7 ला लावलेले मिश्रण तिथे 12.4 होऊन बसते. चढावर पूर्ण ताकद मागताना कार्ब्युरेटर मुळातच साडेबाराच्या आसपास, म्हणजे घट्ट मिश्रण देतो. ते साडेदहावर जाते. काळा धूर तिथूनच येतो.

म्हणजे या चढावर ताकदीचे दोन वेगळे तोटे होतात आणि त्यांची गल्लत झाली की दुरुस्ती भलत्याच वाटेला लागते. पहिला तोटा विरळ हवेचा. दर हजार फुटांमागे सुमारे 3 टक्के ताकद जाते. सपाटीवर 150 अश्वशक्ती देणारे इंजिन बोगद्यापाशी जेमतेम 105 च्या घरात उरते. टर्बोसारखी हवा दाबून भरणारी सोय नसेल, तर हा तोटा कुठलाही मेकॅनिक भरून देऊ शकत नाही. दुसरा तोटा बिघडलेल्या मिश्रणाचा, आणि तो मात्र जवळजवळ पूर्ण परत मिळवता येतो. त्याची पहिली पायरी चालकाच्या पायातच आहे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की इंजिनातला व्हॅक्यूम पडतो आणि जादा पेट्रोल सोडणारी पॉवर व्हॉल्व्ह उघडते. उंचीवर दर हजार फुटांमागे जवळपास 1 इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम आधीच घटलेला असतो, त्यामुळे ही व्हॉल्व्ह थोड्याशा दाबानेही उघडी पडते. अशा वेळी पाय थोडा उचलावा आणि गिअर एक खाली टाकावा. दर फेऱ्याला हवा कमी मिळत असेल तर मिनिटाला फेरे वाढवणे एवढेच हातात असते. वेग कमी होतो, पण गाडी मोकळी चालते.

दुसरी पायरी जेटची. मेन जेट म्हणजे नखाएवढा पितळी स्क्रू, मधोमध बारीक भोक आणि डोक्यावर कोरलेला नंबर. मेकॅनिकांचा अंदाज असा की साधारण 2000 फुटांमागे जेट एक नंबर लहान करावा. खरी साक्ष स्पार्क प्लग देतो. प्लग खोलून पाहावा. चिनी मातीचे टोक फिक्या तपकिरी रंगाचे असेल तर मिश्रण जमले आहे. बोटाला काजळी लागेल असा कोरडा, मखमली काळा थर असेल तर पेट्रोल जास्त होते आहे. विरळ हवेतले मिश्रण जळतेही थोडे सावकाश, म्हणून इग्निशनचे टायमिंग काही अंश पुढे घेतले की गेलेली चपळाई थोडी परत येते.

यावर जुने जाणते लोक म्हणतील, हे ट्रक पन्नास वर्षे याच खिंडी ओलांडत आले, तेव्हा कोण जेट बदलत होते? आक्षेप निम्मा खरा आहे. डेन्व्हरला लावलेला कार्ब्युरेटर बोगद्यापाशी नऊ-दहा टक्केच घट्ट होतो, आणि तेवढे ती इंजिने निभावून नेत. तासाभराची खिंड ओलांडायला कार्ब्युरेटर खोलायची गरज नाही, हे मान्य करायलाच हवे. पण ट्रक समुद्रकाठचा असेल आणि महिनाभर दहा हजार फुटांवरच्या गावात राहणार असेल, तर ‘चालतो आहे ना’ एवढे पुरेसे नाही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन काढते, ऑइलमध्ये उतरते आणि ते पातळ करते. ही झीज त्या दिवशी दिसत नाही. शिवाय याचा विचार जुन्या काळी होत नव्हता असेही नाही. उंचीप्रमाणे मिश्रण आपोआप सावरणारी, आत हवाबंद डबी असलेली कार्ब्युरेटर काही कंपन्यांनी तेव्हाच बनवली होती.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. घट्ट मिश्रण फार तर पेट्रोल वाया घालवते, पातळ मिश्रण मात्र इंजिन जाळते, मग घट्टच का ठेवू नये? घट्ट मिश्रणाने होणारी झीज वर आलीच आहे, पण पातळ मिश्रणाचा धोका पूर्ण खरा आहे, आणि म्हणूनच जेट लहान करणाऱ्याने उतरण्याचा विचार आधी करावा. वरच्या हवेला बेतलेला जेट घेऊन तोच ट्रक खाली मैदानात आला आणि भार घेऊन पळवला, तर मिश्रण पातळ पडते, उष्णता वाढते, इंजिन ठोकायला लागते, व्हॉल्व्ह जळतात, पिस्टनला भोकही पडू शकते. पुढे घेतलेले टायमिंग त्यात भर घालते. पेट्रोलच्या ऑक्टेनचेही असेच आहे. कोलोरॅडोत साधे पेट्रोल 85 ऑक्टेनचे मिळते, कारण विरळ हवेत सिलिंडरमधला दाब कमी असतो आणि जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला तेवढे चालते. तीच भरलेली टाकी घेऊन सखल भागात उतरणे मात्र शहाणपणाचे नाही. माझ्या मते निर्णय ट्रकचा मुक्काम कुठे आहे यावर घ्यावा. चार दिवसांच्या फेरीला जेट तसाच राहू द्यावा, पाय आणि गिअर सांभाळावेत. वरच राहायचे असेल तर जेट बदलावा आणि जुने जेट डबीत घालून गाडीतच ठेवावेत.

एका बाबतीत मात्र इंजिन खरोखर उपाशी पडते, आणि ती गोष्ट लपवून माझा मुद्दा पुढे रेटणे बरोबर होणार नाही. बोगद्याच्या उंचीवर पाणी 89 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. पेट्रोलमधले हलके घटक तर त्याच्या कितीतरी आधी. जुन्या ट्रकांत पंप इंजिनालाच बसवलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढणाऱ्या नळीत दाब आणखी उतरतो, वर इंजिनाची धग लागते, आणि नळीत पेट्रोलऐवजी वाफ भरते. पंप वाफेवर नुसता चालत राहतो. हिवाळ्यासाठी जास्त उडते बनवलेले पेट्रोल टाकीत असताना वसंतात एखादा उन्हाचा दिवस आला की हा त्रास सर्वाधिक होतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले दहा टक्के इथेनॉलही त्याला हातभार लावते. पण याचे लक्षण वेगळे असते. काळा धूर येत नाही. गाडी आचके देत अचानक मरते आणि बॉनेट उघडून अर्धा तास उभी ठेवली, पंपावर ओले फडके टाकले, की मुकाट चालू होते. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवून पेट्रोल मागून ढकलणे हा यावरचा खरा इलाज.

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा फ्युएल इंजेक्शन बसवून मोकळे व्हा, असे सांगणारेही बरेच असतात. सल्ला चुकीचा नाही. सेन्सर हवेचा दाब आणि तापमान पाहतो, संगणक त्या मापाने पेट्रोल देतो, आणि मिश्रणाचा प्रश्न सुटतो. विरळ हवेचा तो 29 टक्क्यांचा तोटा मात्र तसाच राहतो. इंजेक्शन बसवलेला ट्रक भरल्या बोजासह चढावर डाव्या, म्हणजे तिथल्या वेगवान लेनमध्ये घुसू लागला, तर त्याच्या मालकाने पहिल्या आणि दुसऱ्या तोट्यात फरक केलेला नाही असे समजावे.

आणि चढ संपला की लोक सुटकेचा श्वास सोडतात, तिथेच मला खरी काळजी वाटते. जुन्या ट्रकच्या ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. त्याची ताकद म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब आणि आतला व्हॅक्यूम यांतला फरक. बोगद्यापाशी बाहेरचा दाबच सपाटीच्या 66 टक्क्यांवर आलेला असतो, म्हणजे मदतही त्याच मानाने उतरते, आणि समोर सिल्व्हरथॉर्न गावाकडे उतरणारा सुमारे 7 टक्क्यांचा लांबलचक उतार असतो. त्या उतारावर बाजूला खडीचे चढे पट्टे काढून ठेवले आहेत, ब्रेक गेलेले ट्रक त्यांत घुसून थांबावेत म्हणून. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे इथे जिवाशी खेळ आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाची रोख जाते, आणि आयडलला अडखळणारे, काजळलेले इंजिन त्याच क्षणी बंद पडले तर साठलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेकचे दोन-तीन दाबच नीट लागतात. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने, किंवा त्याहून एक खालच्या गिअरने उतरावे. याच राज्यातल्या पाइक्स पीक या 14,115 फुटी शिखराला गाडीरस्ता आहे. तिथून उतरताना वाटेत ग्लेन कोव्हपाशी रेंजर प्रत्येक गाडीजवळ येतो, चाकाकडे तापमापक धरतो आणि ब्रेक फार तापले असतील तर ते निवेपर्यंत गाडी पुढे सोडत नाही.