डुलकी काढावी कशी? गैरसमज आणि वस्तुस्थिती

श्टुटगार्टच्या उत्तर टोकाचा त्सुफेनहाउझेन हा भाग 1931 मध्ये शहरात सामील झाला. आज त्याची ओळख पोर्शेचे गाव अशीच आहे. लोकलचे नॉयविर्ट्सहाउस स्टेशन कारखान्याला खेटूनच आहे आणि 2019 पासून टायकान ही इलेक्ट्रिक मोटार इथेच तयार होते. कारखान्याचे गाव म्हटले की पाळ्या आल्या, आणि पाळ्या आल्या की पेंगही आली. पहाटेच्या लोकलमध्ये खिडकीला डोके टेकून पेंगणारी माणसे इथे पिंपरी-चिंचवडइतकीच सापडतील.

मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरे आहेत. वाहन उद्योगाच्या निमित्ताने पुण्या-नाशिकची मराठी कुटुंबेही या परिसरात राहतात. पुण्याचे घड्याळ इथून उन्हाळ्यात साडेतीन, तर हिवाळ्यात साडेचार तास पुढे. भारतातल्या सहकाऱ्यांशी बोलायचे तर सकाळ लवकर सुरू होते. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे मुले झोपायला तयार नसतात. मग दुपारी डोळे जड होतात आणि डुलकीविषयीच्या ऐकीव गोष्टी कामाला लागतात. त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत.

गैरसमज: दुपारची झोप हा उष्ण देशांतला आळस. जर्मन माणूस दुपारी झोपत नाही.

वस्तुस्थिती: पुण्याच्या ‘एक ते चार बंद’वर विनोद होतात, पण जर्मनीतल्या कितीतरी इमारतींच्या नियमावलीत दुपारी एक ते तीन ही शांततेची वेळ म्हणून छापलेली असते. त्या वेळात भिंतीला ड्रिल लावले तर शेजारी बेल वाजवतो. उत्तरेकडच्या फेख्टा शहराच्या पालिकेने तर 2000 च्या सुमारास कर्मचाऱ्यांना सुमारे 20 मिनिटांच्या डुलकीची मुभा दिली आणि तिची बातमी देशभर गाजली.

गैरसमज: झोप जेवणामुळे येते. भात सोडला की दुपारची सुस्ती गेली.

वस्तुस्थिती: भरपेट जेवणाने सुस्ती वाढते हे खरे, पण तिचे मूळ शरीराच्या घड्याळात आहे. बव्हेरियातल्या आंडेक्स इथे युर्गन आशोफ आणि रुटगर वेव्हर यांनी 1960 च्या दशकात जमिनीखालच्या खोल्यांत प्रयोग सुरू केले. स्वयंसेवक तिथे ऊन, घड्याळ, वर्तमानपत्र यांवाचून कित्येक आठवडे राहत. याच प्रयोगांवर काम करणाऱ्या युर्गन त्सुले यांना दिसले की दिवसात एकदा मोठी झोप आणि जागेपणाच्या मध्यावर आणखी एकदा झोपेची ओढ, असा माणसाचा कल असतो. जेवण चुकवले तरी दुपारची ही घसरण येतेच. म्हणून एक ते तीन ही डुलकीची सोयीची वेळ. पहाटेच्या पाळीला चारला उठणाऱ्याची वेळ त्याहून आधी येते.

गैरसमज: जितकी जास्त झोप, तितकी जास्त तरतरी.

वस्तुस्थिती: दुपारी दीड तास झोपून उठल्यावर डोके बधिर होते, सकाळ आहे की संध्याकाळ ते कळत नाही. झोप गाढ टप्प्यात गेली आणि तिथूनच माणूस उठवला गेला की असे होते. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात ब्रुक्स आणि लॅक यांनी 2006 मध्ये 5, 10, 20 आणि 30 मिनिटांच्या झोपा ताडून पाहिल्या. सहभागी आदल्या रात्री पाचच तास झोपलेले होते. 10 मिनिटांच्या झोपेने लगेच तरतरी आली आणि ती अडीच तासांपर्यंत टिकली. 30 मिनिटे झोपलेल्यांना आधी गुंगी झटकावी लागली, फायदा नंतर मिळाला.

‘नासाने सांगितलेली 26 मिनिटे’ हा आकडाही असाच अर्धवट फिरतो. पॅसिफिकवरच्या लांब उड्डाणांतल्या त्या अभ्यासात वैमानिकांना 40 मिनिटांची मोकळीक दिली होती. त्यात त्यांना सरासरी 26 मिनिटे झोप लागली. ते मोजमाप होते, नियम नव्हता. व्यवहारात 20 मिनिटांचा गजर लावावा. झोप लागायला जाणारी पाच-सात मिनिटे त्यातच धरली की पुरते.

गैरसमज: कॉफी आणि डुलकी यांचे हाडवैर.

वस्तुस्थिती: कॅफिनचा असर जाणवायला साधारण 20 ते 30 मिनिटे लागतात. म्हणून कॉफी झटपट पिऊन लगेच 15 मिनिटे डोळे मिटायचे. जाग येते तेव्हा कॉफीही कामाला लागलेली असते. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात हॉर्न आणि रेनर यांनी 1990 च्या दशकात झोपाळलेल्या चालकांवर सिम्युलेटरमध्ये हे तपासले, आणि ही जोडी उपयोगी ठरली. ज्याला रात्री आधीच झोप येत नाही त्याने मात्र दुपारनंतर हा प्रयोग करू नये.

गैरसमज: पटकन झोप लागणे हे नशीब. शिकून येत नाही.

वस्तुस्थिती: झोप हुकमी आणता येत नाही, पण अंग सैल सोडायला शिकता येते. बर्लिनचे डॉक्टर योहानेस हाइनरिख शुल्ट्झ यांनी 1932 मध्ये ‘ऑटोजेनिक ट्रेनिंग’ ही पद्धत मांडली. जर्मनीत ती आजही शिकवली जाते आणि मान्यताप्राप्त वर्गांच्या फीचा काही भाग सरकारमान्य आरोग्य विमा संस्था उचलतात.

तिच्यातली एक बैठक ऑफिसच्या खुर्चीवरही जमते. तिचे जर्मन नावच घोडागाडी हाकणाऱ्यावरून पडले आहे, कारण गिऱ्हाइकाची वाट पाहत तो बसल्या जागी असाच डुलकी काढी. खुर्चीच्या पुढच्या भागावर बसायचे, पावले जमिनीवर टेकवायची, पाय जरा फाकवायचे. पाठ किंचित गोल, कोपरापुढचे हात मांड्यांवर, मनगटे सैल, मान खाली सोडलेली. मग ‘उजवा हात जड आहे’ असे मनात सावकाश म्हणायचे. हात जड वाटू लागला की ‘उजवा हात उबदार आहे.’ उठताना मुठी आवळायच्या, हात ताणायचे, खोल श्वास घ्यायचा आणि शेवटी डोळे उघडायचे. झोपण्यासाठीच आडवे झाला असाल तर हा शेवटचा भाग गाळायचा.

हे दोन दिवसांत जमत नाही, काही आठवडे रोजचा सराव लागतो. ‘आता झोप लागलीच पाहिजे’ असा हट्ट धरला की झोप पळते. डोळा लागला नाही तरी 15 मिनिटे डोळे मिटून निवांत पडण्याने थकवा हलका होतो, म्हणून डुलकी ‘फुकट गेली’ असे मानायचे कारण नाही.

रात्री वारंवार झोपमोड होणाऱ्यांचे प्रकरण वेगळे. दिवसभर साठत गेलेली झोपेची ओढ दुपारच्या झोपेने खर्ची पडते. त्यामुळे निद्रानाशावरच्या वर्तन उपचारात दिवसाची डुलकी सहसा बंदच करायला सांगतात.

गैरसमज: पडल्या पडल्या झोप लागली म्हणजे तब्येत ठणठणीत.

वस्तुस्थिती: झोप पुरेशी झालेल्या माणसाला दिवसा झोप लागायला वेळ लागतो. अमेरिकेत स्टॅनफर्डला मेरी कार्स्केडन आणि विल्यम डिमेंट यांनी याच वेळेवर आधारलेली चाचणी तयार केली. दिवसातून चार-पाचदा आडवे करून झोप लागायला किती मिनिटे गेली ते त्यात मोजतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत आली तर डॉक्टर झोपेच्या विकाराचा विचार करतात. घोरणे, झोपेत श्वास अडकणे, बोलता बोलता झापड येणे अशी लक्षणे असतील तर डुलकीचे तंत्र सुधारण्याआधी तपासणी हवी.

गैरसमज: कामावर डोळे मिटले की नोकरी गेली.

वस्तुस्थिती: जर्मन कायद्यानुसार सहा तासांहून जास्त कामाला किमान 30 मिनिटांची सुट्टी द्यावी लागते, नऊ तासांहून जास्त असेल तर 45 मिनिटांची. ती 15-15 मिनिटांच्या तुकड्यांत घेता येते. हा वेळ कर्मचाऱ्याचा स्वतःचा, त्यात तो पाव खाईल नाहीतर डुलकी काढील. कामाच्या वेळात झोपला तर मात्र लेखी ताकीद मिळू शकते.

गैरसमज: गाडी चालवताना झोप आली तर काच खाली करावी, गाणी मोठ्याने लावावी.

वस्तुस्थिती: हॉर्न आणि रेनर यांनी थंड वारा आणि रेडिओही तपासले, फायदा थोडा आणि थोड्या वेळापुरता निघाला. ए81 महामार्ग त्सुफेनहाउझेनजवळून जातो. ताशी 120 किलोमीटर वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी 100 मीटर चालकाविना धावते. समृद्धी महामार्गावरही हिशेब हाच. डोळ्यावर झापड असताना गाडी चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा जर्मन दंडसंहितेच्या 315 सी कलमाखाली गुन्हा ठरू शकतो. याउलट, पुन्हा नीट गाडी चालवता यावी म्हणून विश्रांतीच्या थांब्यावर गाडीतच झोपायला परवानगी आहे. हाइलब्रॉनकडे निघालेल्या चालकाला त्यासाठी याच रस्त्यावर वुनेनश्टाइनचा थांबा लागतो. तिथे कॉफी घ्यावी, सीट मागे टाकून 20 मिनिटांचा गजर लावावा आणि उठल्यावर गाडीभोवती दोन-चार फेऱ्या मारून, गुंगी उतरल्यावरच किल्ली फिरवावी.